गावच्या शाळेला जुना लॅपटॉप देताय? लिनक्ससाठी मशीन निवडताना आणि देताना या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत कुडाळ स्टेशनवर उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली मखराच्या खोक्याबरोबर एखादा जुना लॅपटॉपही असतो. आरती-भजनातून सवड झाली की तो माझ्या पडवीत येतो.

"ह्यो अजून बरो आसा, शाळेक घेवा. लिनक्स घातल्यावर धावतलो मां!"

"चार्जर खंय?"

"तो मुंबैकच रवलो."

मी या पट्ट्यातल्या काही शाळांना आणि वाचनालयांना दान आलेल्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, घालून देतो. देणाऱ्याच्या मनाबद्दल शंका नाही. पण जी मशीन शेवटी शाळेच्या कपाटावर धूळ खात पडतात, ती बहुतेक वेळा जुनी म्हणून पडत नाहीत. देण्याआधी कुणी ती नीट चालवून बघितलेली नसतात.

चार्जरचंच आधी सांगून टाकतो. पिन बसली म्हणजे चार्जर जमला असं नाही. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरला ओळखतो. ओळख पटली नाही की बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. मग शाळेत सगळे म्हणतात, लिनक्स स्लो आहे.

नाव बघितलं, चिप बघितलीच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एका वाचनालयासाठी देणगीदाराने एक वायफाय डोंगल आणून दिला. लावला, लगेच चालला. खूश होऊन त्याने त्याच नावाचे आणखी पाच मागवले. पाचांतला एकही चालेना. खोकं तेच, रंग तोच, नाव तेच. आतली चिप मात्र दुसरी.

असं बऱ्याच कंपन्यांच्या मालात होतं. जगभर चर्चा झालेलं उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप आहे. तिचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे आणि फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, तेसुद्धा खुलं आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि कित्येक वर्षं लोक तिच्यासाठी बाहेरून ड्रायव्हर आणून, स्वतः कंपाइल करून बसवत होते. कर्नल अपडेट झाला की पुन्हा पहिल्यापासून. दुकानदाराला विचाराल तर तो सांगणार, सगळे एकच हो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी किंवा देण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, मशीन सुरू करा. डिस्कला हात लावायची गरज नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आतल्या कार्डांसाठी 'एलएसपीसीआय -एनएन' (lspci -nn) आणि बाहेरून लावलेल्या वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी' (lsusb) चालवा. प्रत्येक ओळीत मध्ये कोलन असलेला एक आकडा दिसेल. कोलनच्या अलीकडची चार अक्षरं कंपनीची, पलीकडची चार त्या चिपची. खोक्यावर काहीही छापलेलं असो, खरी ओळख ही आठ अक्षरं. ती शोधून बघितली की या चिपशी कुणाकुणाने किती रात्री झगडा केलाय ते पाच मिनिटांत कळतं.

मग वायफाय लावून बघा, गाणं वाजवा, कॅमेरा उघडा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करा. आणि झाकण मिटून पुन्हा उघडा. हे शेवटचं कुणीच करत नाही. झाकण उघडल्यावर काळी स्क्रीन घेऊन बसणारे लॅपटॉप मी बरेच बघितलेत. शाळेत शिक्षक झाकण मिटूनच घरी जातात.

जुन्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड निघालं तर घाबरू नका, पण तयारीत राहा. डेबियन या डिस्ट्रोने (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एक तयार संच) २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये द्यायचं ठरवलं आणि डेबियन १२ पासून बराच त्रास संपला. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांचं फर्मवेअर मात्र अजूनही वेगळं उतरवावं लागतं. म्हणजे नेट चालू करायला नेट पाहिजे. अशा वेळी मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट केबलमधून मशीनला मिळतं. ते बहुधा काही न बसवता चालतं. मी हे शिकेपर्यंत एका शाळेत लॅन केबल शोधत दीड तास घालवला होता आणि माझा फोन खिशातच होता.

"छोटा आहे, मुलांना बरा पडेल"

२००८-०९ च्या सुमाराचे ते छोटे नेटबुक अजून घरोघरी निघतात. त्यांतल्या अनेकांत ॲटम एन२७० हा प्रोसेसर असतो आणि तो जुन्या, ३२-बिट पद्धतीचा आहे. उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोने ३२-बिट डेस्कटॉपची इन्स्टॉल करायची फाइल देणं २०१७ मध्येच थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत. अँटीएक्ससारख्या हलक्या डिस्ट्रोवर असं मशीन चालतं, नाही असं नाही. पण १ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर उघडून मुलांना बसवणं म्हणजे त्यांना कॉम्प्युटरचा कंटाळा शिकवणं. कोअर २ ड्युओ त्याच काळातला असला तरी ६४-बिट आहे. कोअर ड्युओ, मधला २ नसलेला, ३२-बिट. शंका असेल तर 'एलएससीपीयू' (lscpu) चालवा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत उत्तर आहे.

सध्या नेमकं उलट घडतंय आणि त्याचा फायदा घ्यायला हवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय३, आय५ असलेले धडधाकट डेस्कटॉप मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून बाहेर पडतायत. ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घातली की लिनक्सवर ते आणखी कित्येक वर्षं आरामात चालतात. तुमच्या ऑफिसात असे दहा डबे निघत असतील तर ते मागा. घरातला माळ्यावरचा नेटबुक राहू दे.

रॅम वाढवताना एक बघा: डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दोन प्रकारच्या रॅम एकाच खाचेत बसतात, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरी १.३५ वर चालते. बऱ्याच लॅपटॉपांना एल असलेलीच लागते.

प्रिंटर

शाळेला प्रिंटर देताना लोक झेरॉक्सच्या दुकानात चालतो तोच देतात: कॅनन एलबीपी२९०० किंवा एचपी लेझरजेट १०२०. दोन्ही कणखर, टोनर कुठेही मिळतो. पण १०२० ला दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर भरवावं लागतं आणि त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरचं बंद प्लगइन बसवायला लागतं. बसवलं की चालतो. २९०० कॅननच्या स्वतःच्या बंद पद्धतीने बोलतो. तिचा लिनक्स ड्रायव्हर जुन्या वळणाचा आहे, तो नव्या डिस्ट्रोवर चालवणं हे शाळेच्या शिक्षकाचं काम नाही. नवा घेत असाल तर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा एअरप्रिंट यांपैकी एखादी सर्वत्र चालणारी पद्धत समजणारा घ्या. ड्रायव्हरची भानगडच मिटते.

खारा वारा, जांभा आणि पाल

आता जे मुंबईत बसून कळत नाही ते. मे महिन्यात बंद करून कपाटात ठेवलेला डेस्कटॉप ऑगस्टात काढला तर तो बीप मारतो, डिस्प्ले येत नाही. निम्म्या वेळा मशीन मेलेलं नसतं. रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात काळपट, कडेला हिरवट झालेले असतात. पट्टी काढा, शाळेतलंच पांढरं खोडरबर घ्या, दातांवरून एकाच दिशेने हलकेच फिरवा, चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याने पुसा, टक् आवाज येईपर्यंत परत दाबा. असं करून मी जेवढी मशीन उठवलीत तेवढी कुठल्याच सॉफ्टवेअरने उठवली नाहीत. मदरबोर्डच्या तांब्यावरच हिरवं चढलं असेल तर मात्र नाद सोडा.

पावसाळ्यात मशीन जपून बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेलं बरं. आतली ऊब ओल धरू देत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत घाम सुटतो. मागच्या उघड्या पट्ट्या बंद करा, नाहीतर उबेला पाल एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये शिरते. मग फाटकन आवाज आणि वास.

जांभ्याच्या कातळावर अर्थिंग हा मोठा प्रश्न आहे. खड्डा मार्चपर्यंत कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. दान देताना मशीनऐवजी एक चांगला यूपीएस दिलात आणि अर्थिंग करून दिलंत तर शाळा तुम्हाला जास्त दुवा देईल. वीज कडाडायला लागली की प्लग काढतात सगळे, पण राउटरची केबल तशीच राहते आणि वीज तिकडून येते.

सीमॉसची सेल, मदरबोर्डवरची ती नाण्याएवढी सीआर२०३२, बदलूनच द्या. ती संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, बूटचा क्रम विसरला जातो आणि मशीन 'एफ१ दाबा' म्हणून थांबतं. ब्राउझर उघडला तर प्रत्येक साइट असुरक्षित असल्याचं सांगतो, कारण त्याच्या लेखी आज २००९ आहे. पोरं म्हणतात, हॅक झालं.

जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर चिखलातून निघालेली मशीन धुऊन-वाळवून दान करण्याचा उत्साह बऱ्याच जणांना आला होता. भिजलेला एसएमपीएस आणि फुगलेली बॅटरी कुणालाही देऊ नका, फुकटसुद्धा नको. त्यांची जागा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात.

आतला माल तुमचा आहे, मशीन तुमचं आहे का?

रिसायकल बिन रिकामी केली म्हणजे डिस्क कोरी झाली असं समजून दिलेल्या लॅपटॉपमधून मला एकदा आधारकार्डांचे फोटो, एका सोसायटीचा हिशोब आणि एका घरचं अख्खं लग्न सापडलं. फोटोरेकसारखा फुकट प्रोग्राम अशा फाइल वर काढतो. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर 'एनवाइप' (nwipe) या प्रोग्रामने एकदा पूर्ण पुसा, एक फेरी पुरते. एसएसडीला ती पद्धत लागू पडत नाही, तिच्यासाठी बायोसमधला (मशीन चालू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधला) किंवा कंपनीच्या टूलमधला सिक्युअर इरेज वापरा. डिस्कच खराब असेल, तिच्या तब्येतीच्या स्मार्ट अहवालात रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग (म्हणजे बिघडलेल्या) सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर ती काढून घ्या आणि मशीन बिनडिस्कचं द्या. त्यात कमीपणा नाही.

खालच्या बाजूला कंपनीचा ॲसेट टॅग असेल तर ऑफिसचं पत्र घेऊन या. नोकरी सोडताना 'राहिलेला' लॅपटॉप बायोसच्या पासवर्डने बंद निघतो, आणि पासवर्ड माहीत असलेला माणूस कधीच सापडत नाही.

खुद्द प्रकल्पालाच द्यायचं असेल तर

काही जणांना शाळेऐवजी ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनाच हार्डवेअर पाठवायचं असतं. कल्पना उत्तम, पण आधी विचारा. ओपनबीएसडी हा लिनक्ससारखीच दुसरी खुली सिस्टीम बनवणारा प्रकल्प कुठल्या वस्तू हव्यात याची यादीच ठेवतो. ठरावीक डेव्हलपरला, ठरावीक चिपच्या ड्रायव्हरसाठी, ठरावीक कार्ड हवं असतं. ते एक कार्ड योग्य हातात पडलं तर जगभरच्या मशीनवर ती चिप चालू लागते. न मागता पाठवलेले दहा जुने डेस्कटॉप म्हणजे फक्त जागा आणि वीज. २०१४ च्या सुरुवातीला याच ओपनबीएसडीला आपल्या सर्व्हरांचं वीजबिल भागवायला साधारण २० हजार डॉलरसाठी हाक द्यावी लागली होती. वर परदेशी पार्सलला कुरिअर आणि कस्टम्स, त्यात अनेकदा वस्तूपेक्षा जास्त पैसे जातात.

मालवणातून फुकट देता येईल अशी गोष्ट वेगळीच आहे: तुमच्या मशीनची माहिती. 'एचडब्ल्यू-प्रोब' (hw-probe) हा प्रोग्राम चालवून काय चालतं, काय नाही याचा अहवाल चढवा. काही बिघडलं तर 'डीमेसेज' (dmesg) दाखवतो त्या कर्नलच्या नोंदींसकट, त्या आठ अक्षरांसकट तक्रार नोंदवा. 'वायफाय चालत नाही' एवढंच लिहिलेल्या तक्रारीचं कुणी काय करणार?

यंदा चतुर्थीच्या महिनाभर आधी मी वाडीच्या ग्रुपवर लिहिलं: मॉडेलचा स्टिकर, 'एलएसपीसीआय'चा फोटो, डिस्कचा स्मार्ट अहवाल आणि चार्जर, एवढं पाठवा, मग ठरवू. दुसऱ्या दिवशी परळहून उत्तर आलं. चार्जरचा फोटो. नुसता चार्जरचा.