घाटापलीकडच्या तलावाचा गाळ: रानात टाकण्याआधी कसा पारखावा

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचं, सासर गोव्यातल्या डिचोलीचं. मे महिन्यात तिकडचे तलाव आटले की धाकट्या भावाचा फोन ठरलेला: "अक्का, गाळ मिळतोय, टाकू काय रानात?" आता इकडचे ओळखीचेही विचारू लागलेत, कारण काहींनी तिकडे जमिनी घेतल्यात. मी शाळेत विज्ञान शिकवते. एक बरणी, एक पेला, थोडं व्हिनेगर आणि साठवलेलं पावसाचं पाणी एवढ्या सामानात बरंच कळतं.

गोव्याच्या सवयीनं मात्र ती माती पाहू नका. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चुना, क्षार धुऊन जातात, लोह मागे राहतं, म्हणून माती तांबडी आणि आंबट. सांगोला, आटपाडी, माण या पट्ट्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आगेमागे, तोही लहरी. ओढ्यानं आणलेलं सगळं तलावात साठतं, पाणी तेवढं उन्हानं उडून जातं. त्यामुळे गाळात चुना असतो आणि सामू (आंबट-अल्कपणाचं माप, pH) बहुधा ८ च्या आसपास. आपल्या खाजनातला (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला) काळा चिखल वाळला की त्यातल्या गंधकामुळे आंबट होतो. तिकडचा खोल थरातला निळसर गाळही तसाच घाण वास मारतो, पण त्यातला चुना तयार होणारं आम्ल जागच्या जागी मारतो. असा गाळ आणलाच तर दोन-चार आठवडे उन्हात पसरून ठेवा, वास जातो.

कुठला गाळ आणायचा? ओढा जिथे तलावात शिरतो तिथे पाण्याचा वेग मोडतो आणि जाड वाळू आधी खाली बसते. बांधाच्या भिंतीशी सगळ्यात बारीक, चिकण माती. पोयट्याचा (वाळूहून बारीक, पण चिकण मातीहून जाड कणांचा) भाग जास्त हवा असेल तर मधला पट्टा बघा. पांढरी खपली धरलेला काठ सोडून द्या. ज्या तलावाचा सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) वर्षानुवर्षं वाहिलेला नाही, तिथे क्षार बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून तिथे जास्त सावध राहा.

पहिली तपासणी बोटांची. मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. पोयटा भाकरीच्या पिठासारखा मऊ लागतो, बोटाला फारसा चिकटत नाही आणि पट्टी इंचभर होण्याआधीच तुटते. दोन इंचांची पट्टी न तुटता लोंबली तर ती चिकण माती. काळ्या दगडाच्या मुलखातल्या गाळात हा चिकण भाग पुष्कळ असतो, वाळल्यावर भेगा पडतात त्या त्यामुळेच.

खात्री हवी तर बरणी. एक तृतीयांश माती (कुटून, खडे काढून), वर पाणी, चमचाभर कपड्यांची पावडर. झाकण लावून चांगली दहा मिनिटं हलवा आणि टेबलावर ठेवून द्या. मिनिटभरात बसते ती वाळू, पुढच्या दोनेक तासांत पोयटा, आणि चिकण मातीला एक-दोन दिवस लागतात. प्रत्येक वेळी काचेवर पेनानं रेघ मारा आणि थर मोजा.

यापेक्षा महत्त्वाची, आणि लोक हमखास टाळतात ती तपासणी ढेकळाची. वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार निकाल लपवतात. हलवू नका. ढेकूळ फुटून पेल्याच्या तळाशी ढीग झाला आणि पाणी नितळ राहिलं, तर तो नुसता कमकुवत जडणघडणीचा पोयटा, शेणखतानं सुधारतो. पण ढेकळाभोवती गढूळ वलय पसरत गेलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर त्यात सोडियम आहे. असा गाळ रानात गेला की जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते, पाणी वर तुंबतं, आणि मग सोडियम हटवायला जिप्सम हे खनिज विकत आणून भरावं लागतं. फुकटचा गाळ असा महाग पडतो. वलय दिसलं की माझं उत्तर सरळ नाही असतं. उलट, वलय दिसलं नाही म्हणजे गाळ निर्धोक असंही नाही, कारण क्षार भरपूर असले तर तेही वलय दाबून टाकतात. म्हणून पसंत पडलेल्या गाळाचा नमुना माती परीक्षणाला द्याच आणि सामूबरोबर क्षारता मागून घ्या.

चुना बघायला माडाचं व्हिनेगर पुरतं. पांढऱ्या खड्यांवर थेंब टाकले की बुडबुडे येतात. चुनखडी भरपूर निघाली तर पिकं पिवळी पडण्याची तयारी ठेवा, कारण तिथे झाडाला लोह मिळत नाही. आपल्या तांबड्या मातीत वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

आता किती टाकायचा. एका एकरावर एक इंचाचा थर म्हणजे ३,६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रासहून थोडं जास्त (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). "एकराला वीस ट्रॉल्या टाका, रान काळं होतं" असं कुणी म्हणालं तर ट्रॉली मोजा. ब्रासभराची धरली तरी तो अर्ध्या इंचाचा थर झाला. मुरमाड, उथळ रानाला दोन इंच घालून वरच्या सहा इंचांत नांगरटीनं मिसळला तर ओल टिकण्यात फरक जाणवतो. आधीच काळी, भारी जमीन असेल तर टाकूच नका. डाळिंबाचा खड्डा तर नुसत्या गाळानं कधीच भरायचा नाही. मुळाशी पाणी थांबलं की मर (झाड वाळवणारा रोग) आलीच. तिथे मुरूम जास्त, गाळ कमी.

काम पावसाआधी उरकावं. परवानगीचं तलाठ्याकडे विचारा. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, मात्र तिच्या नावाखाली वाळू उचलता येत नाही.

टाकल्यानंतर खरी कसोटी वापशाची, म्हणजे मशागतीला योग्य ओलीची. आपण वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला) मुद्दाम चिखल करतो, तिथे ओल्या गाळात पाय किंवा ट्रॅक्टर घालायचा नाही. एकदा तुडवला की वाळून दगडी ढेकळं होतात. फार सुकू दिला तरी कुळव चालत नाही. हातात दाबलेला गोळा बोटानं टोचल्यावर भुगा झाला की तोच दिवस. पेरल्यावर जोराचा पाऊस पडला तर वर खपली धरते आणि कोंब खाली वाकडे होतात. उगवणीआधी हलक्या हातानं खपली मोडा, नाहीतर ओळीवर पाचटाचं पातळ आच्छादन आधीच पसरून ठेवा.

गाळ उचलायचाच नसेल तर आणखी एक वाट आहे: गाळपेर. उजनीसारख्या धरणात पाणी उतरत जातं तशी उघडी पडणारी जमीन एका हंगामासाठी भाड्यानं मिळते. तिथे पाण्याच्या मागे मागे सरकत, न नांगरता हरभरा किंवा कलिंगड टोकायचं. भाऊ सध्या त्याच अर्जाच्या मागे आहे.