ऑनलाइन दुकानात डॉलर-दिराम घ्यायचे असतील तर विनिमय दर पावतीवर लिहा

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतला दुकानदार असो की गुजरीतला सराफ, वेबसाइट सुरू झाली की दोन-चार महिन्यांत एकच मागणी येते: दुबईच्या गिऱ्हाइकाला किंमत दिरामात दिसू दे, अमेरिकेतल्याला डॉलरमध्ये. आणि त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की एक प्लगइन (वेबसाइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) टाकलं की झालं, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांत आकडा बदलून दिसतो हे खरं. पण तेवढ्यावर थांबलेल्या दुकानांचे हिशेब निस्तरण्यात माझे कितीतरी आठवडे गेलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकान रुपयात नीट चालतंय, बॅकअप घेतलेला आहे, निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक हातात आहे आणि पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीने) आंतरराष्ट्रीय कार्ड चालू करून दिलंय, असं मी धरून चालतो.

आधी ठरवा: नुसतं दाखवायचं की घ्यायचंही

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात गिऱ्हाइकाला ३८ डॉलर दिसतात, पण कार्डावरून जातात रुपये. मग त्याची बँक स्वतःचा दर लावते, वर परकीय व्यवहाराचं शुल्क घेते आणि त्याच्या मोबाइलवर ३९ डॉलर ६० सेंटचा मेसेज येतो. तो बँकेला विचारत नाही, तुम्हाला विचारतो. दुसऱ्या प्रकारात जो आकडा दिसतो तोच, त्याच चलनात, कार्डावरून जातो आणि तुमच्या खात्यात गेटवे रुपये जमा करतो.

नुसतं दाखवणं मी आता कोणालाही करून देत नाही. गेटवे ते चलन घेत नसेल तर ते चलन दाखवू नका. फार तर रुपयाच्या किमतीखाली बारीक अक्षरात ‘अंदाजे’ लिहून आकडा द्या आणि पैसे रुपयात जातील हे पैसे भरायच्या बटणाशेजारीच सांगा.

गेटवेला कोणती चलनं चालतात ते त्यांच्या यादीत बघून घ्या. एक गोष्ट हमखास अडते: पेपल या ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेवर भारतातल्या विक्रेत्याला परदेशी गिऱ्हाइकाकडून रुपयात पैसे घेता येत नाहीत. दुकानाचं चलन रुपये ठेवून नुसतं पेपल जोडलं तर ते चालतच नाही. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून त्यांनी भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केलेत, तेव्हा इथल्या गिऱ्हाइकासाठी वेगळा गेटवे लागणारच.

दर कुठून घ्यायचा

माझं स्पष्ट मत: पन्नासच्या आत वस्तू असतील तर आपोआप बदलणारा दर लावूच नका. तीस जोड चपलांची यादी असेल तर डॉलर आणि दिरामाच्या किमती हाताने भरा आणि महिन्यातून एकदा तपासा. बहुतेक चांगल्या प्लगइनमध्ये प्रत्येक वस्तूला चलनागणिक ठरावीक किंमत द्यायची सोय असते. ३९ डॉलर ही किंमत गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते. सकाळी ३७.६५ आणि संध्याकाळी ३७.८१ दिसली तर त्याला वाटतं दुकानदार भाव हलवतोय.

यादी मोठी असेल तर दिवसातून एकदा दर आणा, तेवढं पुरे. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे संदर्भ दर कामाच्या दिवशी तिथल्या दुपारी चारच्या सुमारास लागतात, म्हणजे आपल्याकडे ऋतूप्रमाणे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ. त्यात रुपया आहे, पण दिराम नाही. दिरामाची अडचण मात्र सोपी आहे: १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिराम असा तो डॉलरला बांधलेला आहे. डॉलरचा दर मिळाला की भागाकार करून दिराम निघतो.

शनिवार-रविवारी नवा दर येत नाही, तेव्हा शुक्रवारचाच चालू ठेवा. दर देणारी सेवा बंद पडली तर शेवटचा चांगला दर वापरा आणि तो चार-पाच दिवसांपेक्षा जुना झाला तर सरळ रुपयावर परत या. नवा दर आदल्या दिवशीपेक्षा पाच टक्क्यांनी वेगळा आला तर तो लागू न करता तुम्हाला ईमेल यावा, एवढी अट घालाच. सेवा बिघडून दर एक आला, तर ३,२०० रुपयांची चप्पल ३,२०० डॉलरला दिसते.

मूळ दराने निघालेल्या किमतीवर तीन-चार टक्के चढवा. आंतरराष्ट्रीय कार्डावर गेटवे साधारण तीन टक्के घेतो, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीनच्या वर तिथेच गेले. गेटवे रुपये देताना जो दर लावतो तोही संदर्भ दरापेक्षा कमीच असतो.

खरी अडचण इथे आहे

आता ज्या पायरीवर मी स्वतः अडकलो होतो ती. गुजरीत दागिना घेतला की सराफ पावतीवर वजन आणि मजुरीबरोबर त्या दिवसाचा सोन्याचा दरही लिहितो. उद्या दर काहीही होवो, त्या पावतीचा हिशेब त्या दराने झाला, विषय संपला. ऑनलाइन दुकानात नेमकं हेच कोणी करत नाही. दर एका ठिकाणी सेटिंगमध्ये पडलेला असतो, रोज बदलतो आणि जुन्या ऑर्डरीही नव्या दराने वाचल्या जातात.

एका चप्पलवाल्यांच्या दुकानात मी तसंच ठेवलं होतं. आकडे सोपे करून सांगतो: ८३ च्या दराने गिऱ्हाइकाने १६० डॉलर भरले. दुकानाच्या नोंदीत मात्र फक्त १३,२८० रुपये राहिले. माप चुकलं, माल परत आला, तोवर दर ८५ झाला होता. यंत्रणेने १३,२८० ला ८५ ने भागून १५६ डॉलर २४ सेंट परत पाठवले. पावणेचार डॉलर कमी. गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केली, गेटवेने पैसे अडकवून ठेवले आणि त्या दुकानदारांना तोंड देताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी काहीच चूक केली नव्हती.

तेव्हापासून नियम ठरला. ऑर्डर तयार होते त्या क्षणी तिच्यातच पाच गोष्टी लिहायच्या: चलन, त्या चलनातली रक्कम, लावलेला दर, दराची तारीख-वेळ आणि रुपयातली रक्कम. परतावा नेहमी पहिल्या दोन नोंदींवरून. आजच्या दराकडे तेव्हा बघायचंसुद्धा नाही. सोन्याचा साज विकत असाल तर त्या दिवसाचा सोन्याचा दर ही सहावी नोंद, कारण तिथे दोन दर हलत असतात.

गोठवायची वेळही महत्त्वाची आहे. गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानावर आलं की दर गोठवा आणि अर्धा तास तसाच ठेवा. नाहीतर तो कार्ड शोधत असताना दर बदलतो, गेटवेकडून आलेली रक्कम दुकानातल्या रकमेशी जुळत नाही आणि पैसे जाऊनही ऑर्डर अडकून पडते. ही रक्कम सर्व्हरवरच काढा. ब्राउझरकडून आलेल्या आकड्यावर पैसे घेऊ नका, तो कोणीही बदलू शकतो.

मग सेंटपर्यंत आकडा गोल करण्याचा घोळ. दर ८५ धरा. ३,२०० रुपयांची चप्पल ३७.६४७ डॉलर, म्हणजे ३७.६५. तीन जोड घेतले तर ११२.९५. पण ९,६०० रुपये एकत्र बदलले तर ११२.९४. हा एक सेंटचा फरक क्षुल्लक वाटतो, पण वस्तूंची बेरीज आणि एकूण रक्कम जुळली नाही तर पेपल व्यवहारच नाकारतो. उपाय एकच: प्रत्येक वस्तूची किंमत आधी बदला, लगेच सेंटपर्यंत गोल करा आणि पुढचं सगळं गुणणं-बेरजा त्याच चलनात करा. एकदा बदललेला आकडा पुन्हा रुपयात नेऊन परत आणायचा नाही.

हे करताना टपालखर्च, कूपन आणि ‘दहा हजारांवर टपाल मोफत’ अशा मर्यादा विसरल्या जातात. त्या सेटिंगमध्ये नुसत्या आकड्यांच्या रूपात असतात. प्लगइन त्यांना हात लावत नसेल तर पाचशे रुपयांची सूट पाचशे डॉलरची होते आणि माल फुकट जातो. उलट ११३ डॉलरची खरेदी दहा हजारांच्या मर्यादेशी ताडली जाते आणि मोफत टपाल कधीच मिळत नाही. प्लगइन विकत घेण्याआधी या तीन गोष्टी बदलतात का, एवढं एकच विचारा. चलनांची संख्या आणि झेंड्यांची चित्रं बघून निवडू नका.

आणि दशांश. प्रत्येक चलनाला दोनच घरं असतात असं समजू नका. येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन आहेत. गेटवेला रक्कम सगळ्यात लहान नाण्यात पाठवावी लागते: १०० रुपये म्हणजे १०,००० पैसे. ५,६०० येनलाही शंभराने गुणलंत तर गिऱ्हाइकाकडे ५,६०,००० येन मागितले जातील. साडेबारा दिनार म्हणजे १२,५०० फिल्स. तिथे १,२५० पाठवलेत तर सव्वा दिनारात माल गेला. आखातात गिऱ्हाईक असेल तर हे आधी तपासा.

बाकीचं पटकन

नुसतं डॉलरचं चिन्ह देऊ नका. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर सगळ्यांचं तेच आहे, म्हणून चलनाचं तीन अक्षरी नाव जोडा. आयपीवरून (गिऱ्हाइकाच्या इंटरनेट पत्त्यावरून) चलन ओळखा, पण बदलायची सोय वर ठळक ठेवा.

पानं कॅशमध्ये (लवकर उघडावीत म्हणून तयार प्रती करून) साठवत असाल तर पहिल्या गिऱ्हाइकाचं चलन पुढच्या सगळ्यांना दिसतं. वूकॉमर्समध्ये (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) कॅशसकट ठिकाण ओळखण्याचा वेगळा पर्याय आहे, तोच निवडा. गूगल पानं वाचायला बहुतांशी अमेरिकेतून येतं, तेव्हा त्याच्या खरेदी यादीत (गूगलला दिलेल्या वस्तू-किमतींच्या यादीत) रुपये आणि पानावर डॉलर असं होऊ देऊ नका.

वूकॉमर्सच्या अहवालातल्या एकूण विक्रीवर विसंबू नका. तिथे ४० डॉलर आणि ३,२०० रुपये मिळून ३,२४० होतात. बेरीज आपण साठवलेल्या रुपयाच्या नोंदीवरून काढा.

चलनावरून जीएसटी ठरवू नका. दुबईतला मुलगा दिराम भरून आईसाठी शाहूपुरीच्या पत्त्यावर चप्पल मागवतो, असं आपल्याकडे सणाला सर्रास होतं. माल देशाबाहेर गेला नाही, म्हणजे ती निर्यात नाही आणि कर लागतो. कराचा नियम माल पोचवण्याच्या पत्त्याला बांधा. सीएना हे एकदा दाखवून घ्या.

चाचणी खऱ्या कार्डावर

गेटवेच्या चाचणी व्यवस्थेत सगळं जुळतं, कारण तिथे परदेशी बँक नसते. परदेशात राहणाऱ्या नात्यातल्या कोणाला तरी विनंती करा. दोन जोड मागवायला सांगा, त्यावर एक कूपन वापरायला सांगा, पैसे भरल्यावर बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवायला सांगा. दुकानातला दर दोनदा बदलू द्या, मग एका जोडाचे पैसे परत करा. परताव्याचा मेसेज आला की त्यातला आकडा ऑर्डरवर लिहिलेल्या त्या जोडाच्या रकमेशी सेंटपर्यंत ताडून बघा. जुळला तरच चलन निवडायची सोय सगळ्यांसाठी चालू करा.