बोटीवरचं पाने-पक्कड: हात घालताच सापडेल असं

शहाद्याला आमचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा पाने कुठे ठेवायचे ही चिंता कधी पडली नाही. भिंतीवर फळी, फळीवर खिळे, खिळ्यावर पाना आणि पान्यामागे लाल रंगानं काढलेली त्याचीच आकृती. संध्याकाळी शटर ओढताना नुसती नजर फिरवली की कोणता पाना कुणाच्या विहिरीवर राहिलाय ते कळायचं. सहा वर्षांपूर्वी मी सरदार सरोवराच्या बुडीत पाण्यावर चालणाऱ्या एका डिझेल बोटीचं इंजिन सांभाळायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की बोटीला भिंतच नसते. २६ फुटी फायबरची बोट. जिथे म्हणून जागा आहे तिथे माणसं बसतात, धान्याची पोती येतात, कधी शेळ्या येतात.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या पाण्यानं बाधित झाली. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा तिथवर चढलं. मणिबेलीपासून वर भूषापर्यंत कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता आहे. मधे इंजिन बंद पडलं आणि आपल्याजवळ पाना नसला, तर काठावर उतरून उपयोग नाही. समोर सातपुड्याचा उभा चढ असतो.

यंदा दिवाळीला माझा भाचा आला होता. मुंबईला नोकरी करतो, दोन मित्रांबरोबर त्यानं जुनी २८ फुटी शिडाची बोट घेतलीय. आत लहानसं डिझेल इंजिन आहे. किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणपर्यंत जायचा त्यांचा विचार आहे. दोन दिवस माझ्याबरोबर पाण्यावर राहिला आणि जाताना म्हणाला, "मामा, तुमचं सामान अंधारातपण सापडतं. मला हे सगळं लिहून द्या." म्हणून हे लिहितो. समुद्राचं खारं पाणी आणि नर्मदेचं गोडं पाणी यांत फरक आहे, तो जिथल्या तिथे सांगतो.

आधी माझ्यावर काय बेतलं ते ऐका. पहिल्याच वर्षीचा आषाढ. बोटीत १६ माणसं, पाच पोती रेशनचं धान्य, वारा उलटा. फिल्टरमध्ये पाणी आलं, इंजिनानं डिझेलबरोबर हवा ओढली आणि बसलं. काम दहा मिनिटांचं. फिल्टरचा वरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, मग इंजेक्टरच्या पाईपाचे नट सैल करून इंजिन फिरवायचं. पण माझी लोखंडी पेटी होती पोत्यांखाली. पोती हलवायची म्हणजे माणसं उठवायची, आणि भरल्या बोटीत माणसं एकदम उठली की बोट डुलते. पेटी उघडली तर सगळे पाने एकावर एक. लागत होता १७ नंबरचा, तो तळाशी. तोवर वाऱ्यानं बोट बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांकडे चालली होती. घाईत ओल्या हातातून तो पाना निसटला, कठड्याला लागून एकदा टण्ण वाजला आणि गेला. स्क्रूपाना लावून नट फिरवला, त्याचे कोपरे गेले. बोट शेंड्यांना लागायच्या थोडं आधी इंजिन धरलं. त्या दिवशी एक म्हातारी माझ्या पाठीला हात लावून बसली होती, ती काही बोलली नाही. मला अजून तो हात आठवतो.

त्या रात्री मी सगळं सामान गोधडीवर ओतलं आणि नव्यानं लावायला घेतलं.

दुकानात आपण पाने पान्यांत, पेचकस पेचकसांत, पकडी पकडींत ठेवतो. बोटीवर ही पद्धत मोडा. बोटीवर सामान दुखण्याप्रमाणे लावायचं. इंजिन हवा धरतं, त्याला जे लागतं ते सगळं एका जागी. बेल्ट तुटतो, त्याचं एका जागी. पाणी आत येतं, त्याचं एका जागी. मग १२-१३ चा पाना दोन ठिकाणी लागत असेल तर दोन घ्या. एक पाना जास्त घेण्याला जेवढे पैसे लागतात, त्याहून त्या दहा मिनिटांची किंमत फार मोठी आहे. आणि सुटा भाग त्याच्या पान्याबरोबरच ठेवा. माझा फॅनबेल्ट ज्या पिशवीत आहे त्याच पिशवीत त्याच्या बोल्टाचा पाना आहे आणि बेल्ट ताणायला सागाची दांडी आहे. पिशवी उचलली की निघालो.

हवा धरण्याचं सामान मी गुंडाळीत ठेवतो. जाड कॅनव्हासचा, हातभर रुंदीचा तुकडा, शिंप्याकडून त्यावर उभे कप्पे शिवून घेतले. वरचा पदर दुमडून कप्प्यांवर येतो म्हणजे उलटी धरली तरी काही पडत नाही. प्रत्येक कप्प्यावर ठळक मार्करनं नंबर: १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९. शेजारी एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, आणि एका छोट्या डबीत तांब्याचे वॉशर. हे वॉशर विसरू नका. जुना दाबलेला वॉशर परत बसवला की तिथूनच पुन्हा हवा येते. ही गुंडाळी म्हणजे माझी शहाद्याची फळीच आहे. उलगडली की रिकामा कप्पा लगेच डोळ्यांत भरतो. चालवणाऱ्याच्या फळीखाली, उजव्या हाताला, दोन पट्ट्यांत अडकवलेली असते. तिच्यावर कुणी बसत नाही, काही ठेवत नाही. माझ्या हाताखालचा पोरगा पावरा आहे, सोळा-सतरा वर्षांचा, पहिल्या महिन्यात मी त्याला डोळे मिटून तिच्यातला नंबर काढायला लावायचो. "१४ चा कोठे शे?" म्हटलं की आता त्याचा हात आधी जातो, मान नंतर वळते.

गुंडाळीतल्या प्रत्येक पान्याला मी नायलॉन दोरीचा फास बांधलाय. दोरी पक्की बांधायची, फास मनगटात जाईल एवढा ठेवायचा. पाण्यावर वाकून काम करताना फास मनगटात घातल्याशिवाय नटाला हात नाही. इंजिन चालू असताना मात्र उलटं: मनगटात फास अजिबात नको, बेल्टमध्ये गेला तर हात घेऊन जाईल.

बाकीच्या सामानासाठी मी लोखंडी पेटी काढून टाकली. ती स्वतः गंजते, कोपऱ्यांनी फायबर खरवडते. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे लहान डबे चांगले, एका हातानं उचलतील एवढेच. मोठ्या डब्यात सगळं मावतं आणि काही सापडत नाही. हे डबे केळीच्या कॅरेटमध्ये उभे लावले. रावेर-यावलकडे ही कॅरेट कुठेही मिळतात. जाळीदार असल्यानं हवा खेळते, खाली पाणी साचत नाही, आणि कॅरेटच्या जाळीतून दोरी ओवून ते बोटीच्या बरगडीला बांधता येतं. लांब वस्तूंना, म्हणजे कानस, करवतीची पाती, वेल्डिंग रॉड यांना, पीव्हीसी पाईपाचे तुकडे आणि दोन्ही टोकांना टोप्या. आपल्या जळगावात पाईपाच्या तुकड्यांना तोटा नाही. धारेच्या वस्तूंना ठिबकची १६ मिमीची जुनी नळी घ्या, उभी चिरा आणि पात्यावर चढवा. छिन्नी, करवत, सुरी, सगळ्यांना हेच म्यान. अंधारात डब्यात हात घालावा लागतो, तेव्हा याची किंमत कळते.

शिडाची बोट वाऱ्यात वीस-पंचवीस अंश कलते आणि तासन्‌तास तशीच चालते. भाच्याच्या बोटीत सरकणारे खण आहेत. नुसत्या मुठीचा खण कलत्या बोटीत आपोआप बाहेर येतो आणि हातोडी माणसाच्या अंगावर जाते. खण थोडा वर उचलल्याशिवाय बाहेर येणार नाही अशी खाच खाली करून घ्यावी. जड वस्तू, हातोडी, पाईपपाना, साखळीपुली, शक्य तेवढ्या खाली आणि बोटीच्या मध्याजवळ. टोकाला वजन गेलं की बोट नाक खुपसते. मात्र खाली म्हणजे अगदी तळाच्या पोकळीत नव्हे. तिथे पाणी आणि तेल साचतं. होकायंत्राजवळ लोखंड नको. जमेल तेवढं लांब ठेवा आणि ठेवून झाल्यावर काटा हलला का ते पाहा. आम्हाला इथे डोंगर दिसतात, होकायंत्र लागत नाही, पण समुद्रावर धुकं आलं की तोच काटा वाट दाखवतो. आणि बॅटरीवर पाना ठेवू नका, क्षणभरसुद्धा. दोन्ही टोकांना एकदम टेकला तर पाना लाल होतो, बॅटरी फुटू शकते. आमच्या बॅटरीवर लाकडी झाकण आहे, पट्ट्यानं बांधलेलं.

आता गंज. गोड्या पाण्यावर गंज सावकाश चढतो, पण श्रावणात हवाच ओली असते, तेव्हा आठवड्यात पान्यांवर तांबूस पूड दिसते. माझं औषध साधं आहे. इंजिन ऑइल लावलेलं सुती फडकं एका डब्यात असतं, काम झालं की पाना आधी कोरड्या फडक्यानं आणि मग त्या फडक्यानं पुसायचा. तेल एवढंच की हाताचं बोट ओढलं तर ओळ उमटावी, हातातून निसटेल एवढं नको. ओला पाना घट्ट डब्यात बंद करणं उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट, कारण आतला ओलावा बाहेर जात नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांत, औषधांच्या डब्यांत येतात त्या जमवून ठेवा. समुद्रावर एक पायरी जास्त: पान्यावर खारं पाणी उडालं तर आधी गोड्या पाण्यानं धुवायचा. मीठ तसंच ठेवून वर तेल लावलं तर तेलाखाली गंज चालूच राहतो. भाच्याला मी एक बाटली गोडं पाणी फक्त पान्यांसाठी राखून ठेवायला सांगितलंय.

तेलकट फडकी मी इंजिनाजवळ ठेवत नाही, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो आणि गावात आलो की काढतो. लाकडाला जवसाचं तेल लावत असाल तर जास्त जपा. ते फडकं चुरगळून ठेवलं तर आपोआप तापून पेटतं. ते पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवायचं.

पाणी आत येण्याचं सामान बोटीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं: पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची निमुळती बुचं, हातोडी, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, क्लँप. तळाला जिथे जिथे नळीचं भोक आहे तिथे त्याच मापाचं एक बूच दोरीनं बांधूनच ठेवलंय. मऊ लाकूड भिजलं की फुगतं आणि आणखी घट्ट बसतं. बूच कुठे आहे हे प्रवाशांनाही माहीत हवं. आमच्या नेहमीच्या लोकांना मी दाखवून ठेवलंय.

शिडाच्या बोटीला वेगळा एक डबा लागतो: शिडाची जाड सुई आणि मेणाचा दोरा, स्टेनलेसचे शॅकल, स्प्लिट पिना, तार कापायची कात्री. डोलकाठी पडली तर तिला धरून ठेवणाऱ्या तारा ताबडतोब तोडाव्या लागतात, म्हणून ती कात्री डब्याच्या तळाशी जाऊ देऊ नका. यातलं मला एवढंच कळतं. बाकी शिडाच्या माणसाला विचारा.

झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, वर प्लास्टिक लावा. यादी वर्षातून दोनदा पडताळायची. आमच्याकडे त्याला दिवस ठरलेले आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणी उतरलेलं असतं, बोट गाळात टेकवता येते, पावसाळा महिन्या-दीड महिन्यावर असतो. तेव्हा सगळं सामान काठावर काढायचं, उन्हात तापवायचं, तेल लावायचं, संपलेलं लिहायचं. दुसऱ्यांदा खंडेनवमीला. त्या दिवशी पाने पूजेला मांडायचेच असतात, मग मांडतानाच मोजायचे. गेल्या खंडेनवमीला पोरानं झेंडू वाहता वाहता सांगितलं, मामा, १०-११ चा एकच दिसतोय. दुसरा महिनाभर ग्रीसच्या डब्यात पडला होता.

भाच्यानं परवा फोनवर त्याची गुंडाळी वाचून दाखवली. सगळं बरोबर होतं, एक सोडून. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथला ग्लँड. आपल्या विहिरीवरच्या पंपासारखाच तो, आत ग्रीस लावलेली दोरी भरलेली, चालताना मिनिटाला चार-दोन थेंब ठिबकणारा. धार लागली तर दोन मोठे पाने लागतात, एकानं चेक-नट सोडायचा, दुसऱ्यानं ग्लँड आवळायचा. ते माप नेहमीच्या संचात येत नाही. त्याला म्हटलं, बाजारात जाण्याआधी बोटीवर जा, फुटपट्टी लावून दोन्ही नट मोज, आकडे झाकणावर लिही, आणि मग पाने घे.