पहिल्या पावसाआधी: नव्या घराच्या तपासणीची तयारी

चावी हातात आली की आधी ताबापत्राची प्रत जपून ठेवा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, आणि कळवल्यापासून 30 दिवसांत ते त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. ताबापत्रात ‘काही तक्रार नाही’ असं छापलेलं असेल, तर दिसलेले दोष तिथेच लिहून मग सही करा.

इंटिरियरवाल्याला बोलवायच्या आधी रिकाम्या घरात एक अख्खा दिवस काढा. टॉर्च, नाणं, पेन्सिल आणि बादली एवढं पुरे. नाणं प्रत्येक लादीवर वाजवा. पोकळ आवाज आला की खाली माल नीट भरलेला नाही. बाथरूमची जाळी बंद करून पाणी साठवा, 24 तास ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांचं छत बघून या. पाणी सोडल्यावर कोपऱ्यात डबकं राहिलं तर उतार चुकलाय. प्लास्टरवरच्या केसासारख्या चिरांनी घाबरू नका. बीम-कॉलमवर तिरकी चीर किंवा गंजाचे डाग दिसले, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला, म्हणजे ती वाढतेय का ते कळेल.

कुणालाही हात लावू देण्याआधी फोटो काढा. हे मी कळकळीने सांगतेय. आमच्याकडे पहिल्याच जुलैत हॉलच्या खिडकीखाली रंग फुगला, नखाने दाबला की ओली पुट्टी बोटाला लागायची. सुपरवायझरने खरवडून पुन्हा पांढरं केलं. पुढच्या वर्षी तिथूनच पाणी आलं, तेव्हा आधीच्या तक्रारीचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बघतो मॅडम’वर थांबू नका, ईमेल करा, स्पीड पोस्टाने पत्रही पाठवा. गच्ची, बाहेरची भिंत, लिफ्ट यांसाठी शेजाऱ्यांना घेऊन एकत्र लिहा, इंजिनिअरच्या फीचीही वर्गणी काढता येते. तरी दाद लागली नाही तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे सलोखा मंचही आहे.

तोडफोड करून नवं काम काढायचं असेल तर ते हे सगळं नोंदवल्यानंतरच, नाहीतर दोष तुमच्याच सुताराच्या माथी मारला जातो. आणि जूनमधला पहिला जोरदार पाऊस कामाच्या दिवशी आला, तर अर्धी रजा टाका आणि पश्चिमेकडच्या प्रत्येक खिडकीखाली तळहात फिरवून बघा.