माळावर अळंबी शोधायला निघण्याआधी

उत्तरा-हस्ताचा पाऊस बरा झाला की चार-पाच दिवसांत सोलापूरच्या माळांवर, बांधांवर, वारुळांवर भूछत्रं उगवतात. त्यातलं एखादं आजवर कुणीच नोंदवलेलं नसेल, हे अगदी शक्य आहे. पण नव्या जातीची अर्धी ओळख ती उपटण्याआधीच्या पाच मिनिटांत पटते किंवा कायमची हुकते. म्हणून पिशवी आदल्या रात्रीच भरा.

कागदी पाकिटं, पुठ्ठ्याचा खोका, चाकू, खुरपं, मोजपट्टी, भिंग, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या, ओल्या हाताने शाई फिसकटते. प्लास्टिकची पिशवी मात्र नको. मी एकदा नेली होती. पाऊस उघडल्यावर आपल्याकडचं ऊन कसं चटकतं ते माहीत आहेच. घरी येईपर्यंत आत नुसता काळा रेंदा. ती अळंबी मला पुन्हा दिसली नाही, याची हळहळ अजून आहे.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाणार असाल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. शेतात जाताना मालकाला विचारा. अळंबी दरवर्षी कुठे येते हे त्यांनाच ठाऊक असतं.

दिसली की आधी फोटो: वरून, बाजूने, टोपीच्या खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग खुरप्याने मातीसकट उकरा. टर्मिटोमायसेस या वारुळावरच्या अळंबीचा दांडा वाळवीच्या घरट्यापर्यंत खोल गेलेला असतो, तर काहींच्या बुडाशी वाटीसारखं आवरण असतं. वरून खुडलीत तर ही खूण मातीतच राहते. रंग, वास, कापल्यावर गर तांबूस होतो का, जवळ बाभूळ की लिंब, माती काळी की मुरमाड, हे उभ्याउभ्याच लिहा. वाळल्यावर यातलं फारसं उरत नाही. चाखून मात्र पाहू नका.

घरी आल्यावर टोपी अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर पालथी घाला, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो. तो हिरवट आला तर बहुधा क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस: विषारी, पण जुनीच ओळखीची. वारुळावरची पोडॅक्सिस मिटलेल्या छत्रीसारखी राहते, तिचा ठसा असा पडत नाही. तिची काळपट भुकटी वेगळ्या पुडीत ठेवा. तिच्या एकाच नावाखाली बऱ्याच जाती दडलेल्या निघाल्या आहेत, तेव्हा ती नेहमीचीच म्हणून सोडू नका.

डीएनएसाठी नखाएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, टाका. बाकीची 40 ते 45 अंशांवर कडकडीत वाळवा. सूक्ष्मदर्शकाखाली निदान 20-30 बीजाणू मोजा. प्रयोगशाळेत डीएनएचा आयटीएस हा जात ओळखायला वापरतात तो भाग वाचून घेतात, पण तो कुठल्याच नोंदीशी जुळला नाही म्हणून जात नवी, असं समजू नका. जुन्या कितीतरी नावांचा डीएनए कुणी वाचलेलाच नाही. त्यामुळे जवळच्या जातींची मूळ वर्णनं काढून एकेक लक्षण ताडून पाहावं लागतं, आणि हे काम महिनोन्‌महिने चालतं.

नाव द्यायची वेळ आलीच, तर 2012 पासून वर्णन लॅटिनमध्येच हवं असं नाही, इंग्रजी चालतं. 2013 पासून मात्र मायकोबँकसारख्या बुरशीनावांच्या नोंदवहीचा क्रमांक लागतो. मूळ नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर संग्रहासारख्या ठिकाणी जमा करावा लागतो. तिथे जाणाऱ्या पाकिटावर तारीख, गाव आणि वहीतला क्रमांक हवाच. हेच लिहिलेली चिठ्ठी वाळवायला ठेवतानाच नमुन्यासोबत घाला.