बॉम्ब पेरणाऱ्याच्या शोधाची मालिका लिहिताना

एकटा माणूस वर्षानुवर्षे बॉम्ब पेरतो आणि पोलीस त्याच्या मागावर असतात, अशी मालिका नाशिकमध्ये घडवायची असेल, तर पहिला भाग स्फोटाने सुरू करण्याचा मोह लेखकाने आवरावा आणि आधी गुन्हेगाराची तक्रार काय आहे ते ठरवावे. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९५६ या काळात बॉम्ब ठेवणारा जॉर्ज मेटेस्की हा वीज कंपनीत काम करताना जखमी झालेला आणि भरपाई नाकारली गेलेला कामगार होता. पकडला जाईल तेव्हा त्याच्या अंगात डबल-ब्रेस्टेड कोट असेल, हे मानसोपचारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांचे भाकीत पुढे गाजले. प्रत्यक्षात त्याचे नाव कंपनीच्या जुन्या फायली चाळणाऱ्या ॲलिस केली या लिपिक महिलेच्या हाती लागले. अशा मालिकेची नायिका अभिलेख कक्षातच शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे ती एखाद्या सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळणारी असू शकते. निनावी पत्र तिच्यासमोर येते तेव्हा तिचे लक्ष धमकीकडे नव्हे, तर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘कीं’ या शब्दांवरील अनुस्वारांकडे जावे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे लिहिणारा त्याआधी शाळा शिकलेला किंवा जुन्या वळणाच्या माणसाच्या हाताखाली घडलेला असावा, इतका निष्कर्ष ती काढू शकते. त्याहून अधिक तिच्या तोंडी घालू नये. अमेरिकेतील टेड काझिन्स्की याने १९७८ ते १९९५ या काळात १६ बॉम्ब ठेवले किंवा पाठवले आणि त्यांत ३ जणांचा बळी गेला. तोही अखेर लिखाणातूनच सापडला: त्याचा सुमारे ३५,००० शब्दांचा प्रबंध १९९५मध्ये छापून आला आणि आधी भावजयीला, मग सख्ख्या भावाला त्यातली विचारांची आणि वाक्यांची ठेवण ओळखीची वाटली. भावाने पोलिसांकडे जावे की गप्प राहावे, या पेचाला एक संपूर्ण भाग द्यावा. पाठलागाचे दृश्य त्यापुढे फिके पडते.

घटनास्थळ मात्र काटेकोरपणे लिहावे. समजा, भांडी बाजारात बेवारस पिशवी दिसली. आधी स्थानिक पोलीस ठाण्याचे कर्मचारी गर्दी मागे हटवतील, मग बॉम्ब शोधक व नाशक पथक आणि श्वान येतील. साहेबांनी पिशवीवर वाकून पाहण्याचे दृश्य हास्यास्पद ठरते. पिशवी निर्धोक झाल्यावर पंचनामा होतो. येथे थोडे रेंगाळावे. पंच म्हणून उभा केलेला तांब्या-पितळेचा दुकानदार पाकिटावरची लाख वाळेपर्यंत ताटकळतो, अर्धवट ओढलेल्या शटरकडे पाहतो आणि सही करताना, “साहेब, कोर्टात किती वेळा यावं लागेल?” असे विचारतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे, म्हणून मोबाइल धरलेला एक शिपाई चौकटीत हवाच.

बॉम्बची रचना, घटक आणि जोडणी पडद्यावर कदापि दाखवू नये. कथेला त्याची गरज नसते. पार्सल दाखवायचे असेल तर त्यावरच्या तिकिटांवर कॅमेरा न्यावा. काझिन्स्कीच्या पार्सलांवर नाटककार यूजीन ओनील यांचे चित्र असलेली तिकिटे वारंवार आढळली होती, आणि आपल्या देशाची टपाल तिकिटे तर नाशिकरोडच्या मुद्रणालयातही छापली जातात, तेव्हा तिथला एखादा निवृत्त कामगार तपासात आणणे अगदी स्वाभाविक ठरेल.

अटकेवर मालिका संपवू नये. स्फोटक पदार्थ अधिनियम, १९०८नुसार खटला चालवण्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची संमती लागते, त्यामुळे शेवटच्या भागात ती फाइल टेबलांवरून फिरताना दाखवावी आणि ती तयार करण्याचे काम त्याच लिपिक बाईंकडे यावे.