विदेशी मदतीवर पीएच.डी. करताना

आंतरराष्ट्रीय विकास हा विषय घेऊन ससेक्स, लंडन, हेग किंवा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्याचा पहिला आराखडा बहुधा अख्ख्या खंडाला कवेत घेणारा असतो. मदतीमुळे गरिबी हटते का, यावर अर्थतज्ज्ञ अर्धशतकाहून अधिक काळ वाद घालत आहेत; तीन-चार वर्षांत एकट्याने तो निकाली निघणार नाही. म्हणून एक देणारी संस्था, एक प्रकल्प आणि त्यातला पैसा ज्या टप्प्यांवर एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्यांपैकी दोन-तीन टप्पे, एवढ्यावरच विषय आणावा. जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जातून 2003 ते 2009 या काळात महाराष्ट्रात राबवलेला जलस्वराज्य प्रकल्प उदाहरणादाखल घेता येईल. गावाने भांडवली खर्चाचा साधारण दहा टक्के वाटा उचलावा आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने योजना चालवावी, अशी त्याची रचना होती. हा दहा टक्के वाटा खरोखर घरटी वर्गणीतून जमला, की ठेकेदाराने वा एखाद्या पुढाऱ्याने परस्पर भरला, एवढा एकच प्रश्न अख्ख्या प्रबंधाला पुरून उरेल.

शिष्यवृत्तीची नियमावली विषय ठरवण्याआधी वाचावी. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून 2022 मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन वगळण्यात आले. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी असलेल्या योजनेने त्यांनाच परदेशात बसून आपल्या मुलखाचा अभ्यास करण्यास मज्जाव करावा, हे अजबच आहे. पण ज्याचा खर्च या शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे त्याने त्या वर्षीचे नियम तपासावेत आणि गरज पडल्यास नेपाळ किंवा मलावीतील पाणीयोजनेचा विचार करावा.

आकड्यांचा मुख्य स्रोत म्हणजे ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतील विकास साहाय्य समितीचा क्रेडिटर रिपोर्टिंग सिस्टीम हा डेटाबेस. त्यातली एक ओळ नीट वाचायला शिकले की निम्मे काम झाले. देणारा, घेणारा देश, वर्ष आणि कामाचा पाच अंकी संकेतांक (14030 म्हणजे मूलभूत पिण्याचे पाणी व स्वच्छता) यांच्यापुढे दोन वेगळ्या रकमा असतात: कबूल केलेली आणि प्रत्यक्ष दिलेली. कराराच्या वर्षी सगळी रक्कम कबुलीच्या रकान्यात एकदम येते, तर प्रत्यक्ष पैसा पुढची पाच-सहा वर्षे थोडाथोडा सुटत राहतो. एका वर्षाची कबुली आणि दुसऱ्या प्रकल्पाचा प्रत्यक्ष खर्च एकाच तक्त्यात मांडला, तर निष्कर्ष कितीही देखणा असला तरी खोटाच ठरतो. दुसरी खाच 2018 ची आहे. त्या वर्षापासून कर्जाची पूर्ण रक्कम न मोजता तिच्यातला अनुदानासमान भाग, म्हणजे सवलतीमुळे अनुदानासारखा ठरणारा हिस्सा, मोजला जातो, त्यामुळे 2017 पर्यंतची मुख्य आकडेवारी पुढच्या वर्षांना सरळ जोडता येत नाही. शिवाय देणाऱ्या देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या बारा महिन्यांत त्याच देशात होणारा खर्चही मदत म्हणूनच नोंदवला जातो. ब्रिटनने 2021 मध्ये मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणले, त्यानंतरच्या आकड्यांचा अर्थ लावताना निर्वासितांवरचा हा खर्च विसरून चालणार नाही.

जे कागद लागतील ते सापडतील त्याच दिवशी उतरवून ठेवावेत आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख घालावी. अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेचे संकेतस्थळ 2025 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बंद पडले आणि जुलैपासून संस्थेचे कामही थांबले. तिच्या अहवालांवर ज्यांचे प्रबंध उभे होते त्यांची झालेली पळापळ आठवावी.

प्रकल्पाच्या सुरुवातीचा मूल्यांकन दस्तऐवज आणि शेवटचा पूर्तता अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. उद्दिष्टांची वाक्ये मध्येच बदललेली दिसली, तर ती का बदलली हे विचारायला मुलाखतींची यादी आपोआप तयार होते. गावच्या पाणीपुरवठा समितीचे खातेपुस्तक आणि ग्रामसभेचे इतिवृत्त यांच्या प्रतींसाठी माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची असली तरी अपिलाचा वेळ धरूनच वेळापत्रक आखावे. हा अधिकार केवळ भारतीय नागरिकांना आहे, त्यामुळे परदेशी सहसंशोधकाच्या नावे अर्ज करू नये.

गावात स्वयंसेवी संस्थेच्या जीपमधून उतरणाऱ्याला गाव त्या संस्थेचाच माणूस समजते आणि उत्तरेही तशीच देते. पहिली ओळख संस्थेमार्फत झाली तरी पुढच्या वेळी एसटीने जावे आणि शक्य असल्यास गावात मुक्काम करावा. “मॅडम, यातून आमच्या नळाला पाणी येणार का?” हा प्रश्न येतोच. त्यावर “नाही, मी शिकायला आले आहे, माझ्या हातात कुठलीही योजना नाही,” एवढे स्वच्छ सांगावे. “वर कळवते” असे म्हणू नये, कारण पुढची प्रत्येक मुलाखत मग गाऱ्हाण्यांचा अर्ज होऊन बसते.

संस्थांच्या कार्यकर्त्यांशी बोलताना त्यांची अडचण ओळखावी. परकीय योगदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या तालुक्याच्या लहान संस्थांना हा फटका थेट बसला. परदेशी निधी घेण्यासाठी या कायद्याखाली लागणारी नोंदणी जाण्याच्या धास्तीने माणसे रेकॉर्डर पाहताच गप्प होतात, म्हणून आधी वहीच काढावी. तालुका इतका लहान असतो की नाव वगळले तरी पदावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा प्रबंधात पदही बदलून लिहावे लागते. याची कल्पना विद्यापीठाच्या नीतिसमितीला संमतीपत्राच्या मसुद्यातच द्यावी. प्रबंधाचा दोन पानी मराठी गोषवारा ग्रामपंचायतीला पाठवण्याचे वचनही त्याच मसुद्यात घालावे. समितीला ते पटते आणि गावाला मागण्यासारखे काहीतरी राहते.